मागचं फाटक

प्रिय स्वरूपा,

तुझ्या ऑफिसनं केलेला आपल्या कॉलेजच्या नव्या इमारतीचा नकाशा आला. इमारत समितीवर शिक्षकांतर्फे मी आहे, म्हणून सगळ्यांआधी मीच उघडून बसलो. कळस गावची पोरगी पुण्यात बसून एवढं देखणं काम करते, हे बघून ऊर भरून आला बघ. वाचनालयाला उत्तरेचा उजेड काय, कडुनिंब न तोडता मधून काढलेली वाट काय! ही आमच्याच वर्गात होती, असं प्राचार्यांना इतक्यांदा सांगितलं की आता ते मला बघून रस्ता बदलतात.

कॉलेजला मजले चढवण्यावाचून इलाज नाही, हे मलाही पटतं. आपण होतो तेव्हा कुंपणापलीकडे ऊस होता. आता बारामती चारही बाजूंनी अंगावर आली आहे. दवाखाने, फ्लॅट, गाड्यांच्या शोरूम. पोरं वाढताहेत, जागा आहे तेवढीच. फक्त एका ठिकाणी माझं बोट अडलं. मागच्या फाटकाच्या जागी तू दुमजली पार्किंग ठेवलंयस आणि ये-जा सगळी पुढच्या एकाच दारातून.

अगं शहाणे, त्याच फाटकावर तू कॉलेजची सगळी वर्षं जेवलीस! कळसकडची एसटी तिथं थांबायची, कंडक्टर डब्यांची पिशवी खाली द्यायचा आणि ज्याचा डबा चुकला त्यानं कुणाच्याही डब्यात हात घालायचा, हा तिथला कायदा. कोऱ्हाळ्याहून माझा डबा आला नाही की मला आनंदच व्हायचा. तुला वाटायचं, मी शेंगदाण्याच्या चटणीसाठी तुझ्या शेजारी बसतो. बरं, ते राहू दे.

आता डबे कोण पाठवतं, असं तू म्हणशील. मेस आहे, मोबाइलवर जेवण येतं. मीही तसंच समजत होतो. परवा मुद्दाम जाऊन उभा राहिलो, तर पिशव्या अजून उतरतात आणि पोरं कट्ट्यावर तशीच गोल करून जेवतात. त्यात एक डबा तुझ्या आईचा, झाकणावर अजून तुझंच नाव! कौसल्याकाकूंना फोन केला तर म्हणाल्या, "स्वरूपा न्हाय तितं म्हणून काय झालं? कुणाचा तरी डबा चुकतच आसंल की. खाईल कुणाचं बी लेकरू." तुला त्यांनी सांगितलं नसणार; 'एवढी दगदग कशाला?' म्हणून तू ओरडशील ना. पुढच्या दाराशी एसटी थांबत नाही आणि वॉचमन पिशवी ठेवू देत नाही.

हे फोनवर सांगितलं असतं, तर तू वाद घातला असतास आणि मी नेहमीसारखा हरलो असतो. गुरुवारी तू समितीपुढे नकाशा मांडशील, तेव्हा विरोधातला पहिला हात माझा असेल. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहितोय. एवढं मोठं काम तुला पहिल्यांदाच मिळालंय, ते माझ्यामुळे अडलं तर तू मला माफ करणार नाहीस, याची भीती वाटते. तू फाटक राखलंस तर मी आनंदानं गप्प बसेन. नाही राखलंस, तरी बैठकीनंतर तशीच निघून जाऊ नकोस. इतकी वर्षं तुझ्यासमोर एक गोष्ट बोलायचं धाडस झालं नाही. भर बैठकीत तुझ्या विरोधात बोलू शकलो, तर तीही बोलू शकेन. तेवढी ऐक, मग काय भांडायचं ते भांड.

तुझाच,
ऋषिराज