घर क्रमांक चौदाचा घोटा

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. वाकून करायचा होता, पण सध्या वाकणं जमत नाही, तेव्हा उभ्यानेच केलाय असं समज. तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? (नसेल थांबला तर त्यांना सांग, खोकताना वर्तमानपत्र बाजूला धरा. मागच्या खेपेला आमचं अख्खं शब्दकोडं ओलं केलं होतं.) इकडे सगळं ठीक, एक तुझे मेहुणे सोडून. त्यांचा घोटा दुखावलाय. तू तीस वर्षं हाडांच्या वॉर्डात काढलीस, म्हणून तुलाच सविस्तर लिहिते. वाचून हसलीस तरी चालेल, माझं हसून झालंय.

झालं असं की जावईबापूंनी भेट पाठवली. सासऱ्याला लोक स्वेटर देतात, छत्री देतात. ह्या पठ्ठ्याने जंपिंग स्टिल्ट्स पाठवल्या. म्हणजे पायांना बांधायच्या दोन कमानदार स्प्रिंगच्या काठ्या. खाली रबरी खूर, मध्ये पाऊल ठेवायला पाटी, एक पट्टा घोट्याशी आणि एक गुडघ्याखाली. बांधल्या की माणूस दीड हात उंच होतो आणि टणाटण उडतो. जावयाला तरी काय बोलायचं? ह्यांनीच त्याच्यासमोर जेवताना फुशारकी मारली होती, की लहानपणी मी कुंपणं ओलांडायचो. ताई, हा माणूस चाळीस वर्षं दुकानात स्टुलावर बसून, डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करतोय. स्टूल जरा उंच झालं तरी ह्यांना गरगरतं. (कान मात्र तिखट. शेजारच्या घरातलं घड्याळ एक ठोका चुकलं तरी भिंतीपलीकडून कळतं. मी 'चहा गार होतोय' म्हटलेलं तेवढं कळत नाही.)

बरं, काठ्या आल्या तर माळ्यावर टाकाव्यात ना? नाही. येत्या रविवारी कॉलनीचा क्रीडादिन आहे, त्यात 'हौशी कसरती'साठी ह्यांनी अर्ज भरून दिला. तोही असा आळशी, की नावाच्या जागी नुसतं 'घर क्रमांक चौदा' लिहिलं. अर्ज घेणारे कोण, तर पलीकडचे कवायतमास्तर. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी गळ्यातली शिट्टी सुटत नाही. त्यांनी कॉलनीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'घर क्रमांक चौदा: उड्या', आणि शेजारी कंसात 'स्ट्रेचर तयार ठेवावे'. सगळी कॉलनी थांबून थांबून वाचत होती. हेही पिशवी घेऊन वाचत उभे होते आणि सगळ्यांबरोबर हसले. पुढचे दोन दिवस मात्र फळा टाळून मागच्या गल्लीने दुकानात गेले. मी ह्यांना दिवसातून दहा वेळा हसते, तो माझा हक्क आहे. पण मास्तर हसले तेव्हा मला राग आला, खोटं कशाला बोलू? रविवारी चौदा नंबर पुकारला आणि कोणी उठलंच नाही, तर तो मास्तर ती शिट्टी वर्षभर आमच्या दारासमोर वाजवेल.

मग सुरू झाला सराव. पहिल्याच दिवशी ह्यांनी पातळ कॅनव्हासचे बूट घातले आणि घोट्याचा पट्टा असा आवळला, जशी घड्याळाला चावी देतात. कर्र, कर्र, पुढे सरकेना तोवर. तीन उड्या मारल्या आणि चौथीला मटकन खाली बसले. त्यानंतर आमच्या घरी सल्लागारांची रीघ. औषधवाल्याने मलम दिलं, वास असा की मांजर तीन दिवस घरात आलं नाही. जावई फोनवर म्हणाला, आधी घोटे गोल फिरवा. हे टीव्हीसमोर बसून फिरवतात, तेही जाहिराती लागल्या की. मास्तरांनी कुंपणावरून कळवलं, मनाची तयारी कमी पडते. घोटा दुखतोय कुठे हे बघायला एकही शहाणा वाकला नाही.

शेवटी मीच पाहिलं. मी कपडे शिवणारी बाई, मला काय कळतंय, असं हे म्हणाले. अहो, कोट काखेत का काचतो हे ज्याला कळतं, त्याला पट्टा घोट्यावर का काचतो हेही कळतं! पट्टा नेमका हाडावर येत होता. तो हाडाच्या वर हवा, आत दोन बोटं जातील इतकाच घट्ट. बूट घोटा झाकणारा, मोजे जाड. पट्ट्याच्या आतून मी चार पदरी फ्लॅनेलची गादी टाचून दिली. आणि बांधल्यावर एका जागी ताटकळायचं नाही, पावलं टाकत राहायचं. थांबलं की सगळा भार घोट्यावर येतो आणि कळ थेट पोटरीत जाते. उतरताना गुडघे किंचित वाकलेले ठेवले की धक्का वरच्या वर जिरतो. एवढं सगळं सांगितलं, तर हे उशी पायाखाली घेऊन म्हणाले, दुखतंय गं अजून. आठ दिवस झाले, कोचावरून उठत नाहीत. जरा दार वाजलं की कण्हतात.

तेव्हा शनिवारी ये. भाऊजींना नमस्कार, त्यांच्या खोकल्याला लांबूनच.

तुझी,
धाकटी

ता. क. येताना घोट्याला घालायचे ते लवचीक पट्टे एक जोडी आण. माप लहान. पाऊल पाच नंबरचं. ह्यांचं नऊ आहे हे तुला माहीत आहे, तरी पाचच आण.

ता. क. दुसरा. आता लपवून काय करू? काठ्यांच्या खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलंय, 'पन्नास ते साठ किलो'. जावयाला सासऱ्याचं वजन विचारायचा संकोच वाटला असणार. हे ब्याऐंशी. ह्यांच्या भाराने स्प्रिंग पार खाली टेकते, घोटा बिचारा काय करील? मी छप्पन्न. हे दुपारी झोपले की मागच्या अंगणात उडते. पोटऱ्या भरून आल्यात, पण ताई, वर गेलं की भिंतीपलीकडचं सगळं दिसतं! अर्जावर नाव नाहीच, घर क्रमांक चौदा मीसुद्धा आहे. ह्यांना बोलू नकोस.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार होते, तेवढ्यात सरावाला म्हणून काठ्या काढल्या. रबरी खुरांखालची माती कोणीतरी पुसलीय. सगळ्या स्क्रूंना तेल दिलंय. आणि घोट्याच्या दोन्ही पट्ट्यांना एकेक नवं भोक आहे, घड्याळाच्या पट्ट्याला पाडतात तसं गोल, स्वच्छ. घालून पाहिलं, माझ्या पायाला अगदी नेमकं बसतं. आतून कोचावरून कण्हण्याचा आवाज येतोय, नेहमीपेक्षा जरा मोठाच. तेव्हा शनिवारी आलीस की ह्यांचा घोटा अजिबात तपासू नकोस. चुकून बरा निघायचा.