मागच्या खोलीतली काळी भिंत

४ जानेवारी, रविवार

ऑफिसमधून डायरी मिळाली. गेल्या वर्षीची आहे, वार पेनने दुरुस्त करून घेतले. यंदा रोज लिहायचं. खरं तेवढंच. कोणाला दाखवायचं नाही.

सासरे पंचवीस तारखेला कायमचे राहायला येतायत. एकटेच असतात, नजर जवळजवळ गेली आहे. गेल्या महिन्यात स्वतःच्याच घरात चौकटीवर आपटले. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी हिला सांगितलं, पांढऱ्या भिंतीवर पांढरी चौकट आणि पांढरी बटणं, त्यांना काही वेगळं दिसतच नाही. कडेने बोटभर काळा पट्टा मारा. छोटा डबा पुरेल.

मागची खोली त्यांना द्यायची ठरली. ती माझी वाचायची खोली. आरामखुर्ची, दिवा, चार वर्षांचे पेपर. मी हूं की चूं केलं नाही. हॉलमध्ये पडदा लावून नाही का भागणार, एवढंच विचारलं. माहितीसाठी.

रंग मीच लावणार. एका रविवारचं काम.

५ जानेवारी, सोमवार

ऑफिसात मोबाइलवर काळ्या रंगाबद्दल वाचलं. दोन तास. परदेशात अख्खी भिंत काळी करतात. पट्टे मारत बसणं म्हणजे दवाखान्यासारखं. करायचं तर नीट करावं.

एक वाक्य सुचलं : काळ्या भिंतीमुळे खोलीला खोली येते. घरी येऊन हिला ऐकवलं. म्हणाली, डबा आणलात का?

८ जानेवारी, गुरुवार

रंगाच्या दुकानात गेलो. काळा द्या म्हणालो. दुकानदार म्हणाला, कुठला काळा? निळसर, तपकिरी झाकेचा, राखाडीकडे जाणारा. मॅट, सॅटिन, ग्लॉस. त्यातही पाण्यातला की ऑईल. मला आजवर वाटत होतं की काळा म्हणजे काळा. पन्नाशी उलटली तरी माणूस शिकतो, हा माझा गुण आहे.

शेडकार्ड घेऊन आलो. आजचं काम झालं.

११ जानेवारी, रविवार

नमुन्याच्या सात छोट्या डब्या आणल्या. भिंतीवर सात चौकोन काढले. समोर खुर्ची टाकून सकाळच्या उजेडात बघितले. दुपारच्या उजेडातही बघायचे होते, पण डोळा लागला. संध्याकाळी सातही सारखेच दिसत होते.

ही म्हणाली, बाबांना फोन करून विचारा ना. त्यांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्यात.

मी हिला शांतपणे समजावलं की पाट्या वेगळ्या, इंटिरिअर वेगळं. ही म्हणाली, आणि पट्टे? मी म्हणालो, भिंत झाली की पट्ट्यांची गरजच पडणार नाही. ही काही बोलली नाही, याचा अर्थ पटलं असावं.

१३ जानेवारी, मंगळवार

मॅट घेतला. मोठा डबा. दुकानदार म्हणाला, आधी भिंत पॉलिश पेपरने घासा, मग राखाडी अस्तर द्या, नाहीतर रंग धरणार नाही. त्यांना माल खपवायचा असतो. अस्तर घेतलं नाही.

ऑफिसातल्या एकाला आम्ही सल्लागार म्हणतो, कारण तो न विचारता बोलतो. तोही अस्तर म्हणाला. आता तर अजिबातच नको.

संध्याकाळी मागच्या खोलीत जाऊन बसलो. रंगाच्या दृष्टीने विचार करायला. दोन पेपर वाचून झाले.

१८ जानेवारी, रविवार

पहिला हात.

कपाट हलेना, म्हणून कपाटाच्या कडेकडेने रंगवलं. मागे कोण बघतंय? रोलर वर नेताना छतावर तीन ठिकाणी टेकला. दार त्याच भिंतीत आहे. काळ्या भिंतीत पांढरं दार डोळ्यांत खुपत होतं, म्हणून दार, चौकट, सगळं त्याच रंगात घेतलं. बटणांचा बोर्डही. एकसंध.

वाळल्यावर भिंत शाळेतल्या फळ्यासारखी दिसते. नुकत्याच पुसलेल्या. दुसऱ्या हाताने बसेल.

ही दारात उभी राहिली. म्हणाली, बटणं कुठायत?

मी हात लावून दाखवली. लावायच्या आधी थोडी शोधावी लागली.

१९ जानेवारी, सोमवार

कंबर. रजा.

२२ जानेवारी, गुरुवार

दुसरा हात. फळा गेला. आता कोपराएवढे आणि बोटांएवढे डाग दिसतात, सगळे माझेच. मॅटवर बोट टेकलं तरी उमटतं, हे कार्डावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

ही म्हणाली, एक सांगा, बाबांना पांढऱ्यावर पांढरं दिसत नव्हतं. आता काळ्यावर काळं कसं दिसेल?

प्रश्न बरोबर आहे. पण विचारायची वेळ चुकली. बटणांभोवती नंतर पांढरे पट्टे मारीन म्हणालो. येत्या रविवारी. म्हणजे रविवारी ते येणार, तर पुढच्या.

खुर्ची कुठे ठेवायची हा मोठा प्रश्न आहे. हॉलमध्ये बसत नाही. तूर्त तिथेच राहू दे म्हणालो. सासऱ्यांनाच बसायला होईल.

२५ जानेवारी, रविवार

सासरे आले. एक बॅग, एक काठी, ब्रशांची गुंडाळी. ब्रश कशाला आणले म्हणून हिने विचारलं, तर हसले. टाकवत नाहीत म्हणाले.

खोलीत गेल्यावर भिंतीवर तळहात फिरवला. वास घेतला. नखाने एका जागी हलकेच खरवडलं. मग म्हणाले, मॅट आहे. अस्तर दिलं नाही वाटतं, जावई?

बघा, डोळे गेले तरी ज्ञान आहे. मी त्यांना खोलीला खोली येते ते वाक्य ऐकवलं. ते म्हणाले, हो, येते की. खूश दिसले.

२७ जानेवारी, मंगळवार

सकाळी सातला मोठा आवाज. सासरे भिंतीवर आपटले. दाराशेजारच्या भिंतीलाच ते दार समजले. पॅसेज अंधारा आहे, दार उघडंच आहे असं वाटलं, म्हणून सरळ चालत गेले. कपाळाला टेंगूळ. नाकावर काळं.

दोष सपातांचा आहे. तळवा गुळगुळीत आहे. हिला तसं सांगितलं. ही बर्फाची पिशवी धरून होती, मान वर केली नाही.

सासरेच म्हणाले, अगं, मीच घाई केली.

मनाचा मोठा माणूस.

२९ जानेवारी, गुरुवार

सासरे पलंगाच्या कडेला बसून असतात. बाथरूमला जायचं तर हिला हाक मारतात. हिला दिवसाला दहा-बारा हेलपाटे होतात. मी म्हणालो, त्यांनी हळूहळू सवय करून घ्यायला हवी. ही म्हणाली, कशाची? मी विषय वाढवला नाही.

संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तासभर त्यांच्या सोबतीला बसतो. खुर्चीत. पेपर वाचतो. ते बोलत नाहीत, मीही नाही. म्हातारपणी माणसाला सोबत लागते. मी दिवा लावला की ते तोंड भिंतीकडे करून झोपतात. त्यांना उजेडाचा त्रास होतो बहुतेक.

आज एकदा विचारलं, हा पेपरांचा गठ्ठा तुमच्या पलंगाखाली ठेवला तर चालेल ना? दुसरी जागा नाही, म्हणून. चालेल म्हणाले.

१ फेब्रुवारी, रविवार

पट्ट्यांचा दिवस. चिकटपट्टी लावून मध्ये पांढरा रंग भरायचा, म्हणजे रेघ सरळ येते. मोबाइलवर बघितलं होतं.

दारापासून सुरुवात केली. चिकटपट्टी ओढली तर काळा रंगही तिच्याबरोबर आला. हातभर सोललं. दुसरीकडून ओढली, तिकडूनही आलं. आता दारावर दोन लांब पांढरे ओरखडे आहेत. एका अर्थी पट्टेच झाले.

सासरे पलंगावरून म्हणाले, जावई, राहू द्या आज.

मी राहू दिलं. त्यांचा शब्द मोडवत नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसातून आलो तर घरात ऑईल पेंटचा वास. ही आणि सासरे बाथरूमच्या दाराशी. हिच्या हातात काळ्याचा छोटा डबा. सासरे स्टुलावर बसलेले. डाव्या हाताचं बोट चौकटीच्या कडेला लावून, उजवं मनगट त्यावर टेकवून, ब्रश खाली आणत होते. ही नुसतं सांगत होती, बाबा, आता वीतभर राहिलं. आता संपलं.

स्वयंपाकघराचं दार झालं होतं. हॉलची बटणं झाली होती. मागच्या खोलीतल्या काळ्या दाराला पांढरी रेघ, बोर्डाभोवती पांढरी चौकट. एक इंच म्हणजे एक इंच. मी पट्टी लावून मोजलं. दिसत नाही त्या माणसाला.

मग त्यांनी ब्रश पुसला, उठले, मागच्या खोलीत गेले आणि तिथून परत बाथरूमपर्यंत एकटे आले. काठी न घेता. आतून कडी लावली. ही पॅसेजमध्ये उभी राहून पदराने डोळे पुसत होती. टर्पेंटाइन झोंबतं.

मीही असंच करणार होतो. रविवारी.

रात्री नेहमीसारखा खोलीत जाऊन बसलो. आता त्यांना दार दिसतं, तर त्यांनी थोडं हॉलमध्येही बसावं, बरं वाटेल, असं सुचवलं. ते लगेच उठून हॉलमध्ये गेले. दहा वाजेपर्यंत तिथेच बसले होते. हॉलमध्ये दिवा लावायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यांना तसाही काय फरक पडतो.

हे शेवटचं वाक्य लिहायला नको होतं. पेनने लिहिलं, आता काय करणार.

५ फेब्रुवारी, गुरुवार

हिच्या थोरल्या बहिणीचा फोन. सासरे रविवारी तिच्याकडे जातायत. राहायला. त्यांनीच दुपारी तिला फोन लावायला सांगितलं म्हणे.

मला आश्चर्य वाटलं. आता कुठे सगळं जमलं होतं. मी हिला विचारलं, काही कमी पडलं का त्यांना?

ही कपडे घड्या करत होती. म्हणाली, बाबा म्हणाले, जावयांची खोली अडते.

मी असं कधीच म्हणालो नाही. शब्द आठवून पाहिले. एकदाही नाही. ही म्हणाली, म्हणाला नाहीत, खरंच.

मग आणखी एक शर्ट घडी घातला. माझाच होता.

७ फेब्रुवारी, शनिवार

निर्णय. उद्या त्यांना सांगायचं : जाऊ नका. खुर्ची मी हॉलमध्ये घेतो, टीपॉय हलवला तर बसते, आज मोजलं. पेपर रद्दीत. वाक्य तयार केलं. "बाबा, हे घर तुमचं आहे." आरशासमोर म्हणून बघितलं. थोडं नाटकी वाटतं. "बाबा, राहा की." हे बरं आहे. दोनच शब्द खरे महत्त्वाचे.

सकाळी चहाच्या वेळी बोलेन. निवांत असतात तेव्हा.

८ फेब्रुवारी, रविवार

चहाच्या वेळी ही समोर होती. तिच्यासमोर बोललो असतो तर तिला वाटलं असतं, तिच्या धाकाने बोलतोय. नंतर बॅग भरण्यात गडबड. थोरल्या मेहुणीने गाडी पाठवली होती. बॅग मी खाली नेली. जड नव्हती.

गाडीपाशी संधी होती. तोंड उघडणार, तेवढ्यात सासरेच म्हणाले, जावई, त्या ऑईल पेंटच्या डब्याचं झाकण ठोकून बसवा हं. त्या दिवसापासून नुसतं ठेवलंय. साय धरेल, मग रंग वाया.

मी म्हणालो, आत्ता बसवतो. आणि वर आलो. काम तिथल्या तिथे करून टाकायची माझी पद्धत आहे. हातोडी शोधली, झाकण ठोकलं. खाली जायला निघणार तर गाडी गेलेली. ड्रायव्हरला घाई असावी.

त्यामुळे बोलायचं राहून गेलं. फोनवर बोलेन. फोनवर उलट जास्त मोकळेपणाने बोलता येतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसातून आलो. चहा झाला. ही भाजी निवडत बसली होती. म्हणाली, बाबा नीट पोचले. ताईने त्यांना खिडकीजवळ पलंग दिलाय.

बरं झालं म्हणालो. मग मी तिला सांगूनच टाकलं. मी त्यांना थांबवणार होतो. वाक्यसुद्धा ठरवलं होतं. झाकण बसवून खाली येईपर्यंत गाडी निघून गेली, त्याला मी काय करणार?

ही भाजी निवडायची थांबली. म्हणाली, गाडी वीस मिनिटं उभी होती. बाबा आत बसेनात. ड्रायव्हर दोनदा म्हणाला, चला. बाबा म्हणत होते, थांबा जरा, जावई येतायत, त्यांचा निरोप घेऊन जातो.

मग ती पुन्हा भाजी निवडायला लागली.

ही डायरी कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो. झाकण बसवायला दोन मिनिटं लागली. बाकी वेळ मी पडद्याच्या आत उभा राहून खाली बघत होतो, गाडी कधी निघते त्याची वाट बघत.