राखून ठेवलेली सुट्टी

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

मुरूम, ता. उमरगा
९ फेब्रुवारी २०२५

चि. शिवांजलीस,

अप्पाचे आशीर्वाद. विरेशरावांना शरणु शरणार्थी सांग. इकडं हुरडा सरला, आडतीवर तूर यायला लागली, आणि तुझ्या अव्वाचे गुडघे जर्मनीचे तीन जिने चढूनही अजून जागेवर आहेत. फोनवर तू “अप्पा, मीटिंग आहे” म्हणतेस, म्हणून कागद घेतला. कागदाला मीटिंग सांगता येत नाही.

जर्मनीहून, शिवकन्याकडून आम्ही परवा परतलो. तिकडं सगळं नीट पार पडलं.

जर्मनीचं सांगतो. तिकडं तुझ्या डॉलरच्या देशातल्या घरात आपलं अख्खं आडत दुकान मावेल. तुझ्या धाकट्या बहिणीच्या घरात माझी पथारी पडली की जावयाला उडी मारून जावं लागतं. पगाराचा मोठा घास सरकारच खातं. रविवारी दुकानं बंद, दूध संपलं तर सोमवारपर्यंत कोरा चहा. शेजाऱ्याला नमस्कार केला तर मी उसनं मागायला आलोय असा बघतो. पहिल्या आठवड्यात मी मनात म्हणालो, कसला श्रीमंत देश, आपली थोरलीच बरी. दुकानात बसून इतकी वर्षं मी तुझाच देश सांगत आलो. तुझ्या गॅरेजचं दार आपोआप उघडतं, हे मुरूमात शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

मग घरी एक सुईण यायला लागली, सायकलवरून. बाळंतिणीला तपासायची, लेकराचं वजन करायची, जास्त शेकू नका म्हणून अव्वाला दटावायची. आमच्याकडून ती खालच्या मजल्यावर जायची. तिथं पार्सल वाटणाऱ्या माणसाची बायको बाळंत झालेली. तिलाही तेवढाच वेळ द्यायची, तिच्यावरही तसंच खेकसायची.

आम्ही तुझ्याकडं आलो होतो तेव्हा फरशी पुसायला एक बाई यायची, आठवते? महिन्याचं लेकरू शेजारणीकडं ठेवून आलेली, दुधानं पोलकं भिजलेलं. अव्वानं तिला हात धरून खाली बसवलं तर ती घाबरली, काम जाईल म्हणून. तेव्हा मी म्हणालो, बिचारी गरीब आहे. मला वाटलं होतं, तिथं असं फक्त गरिबांचं होतं. मोठ्या घरातल्यांना ते लागू नसेल.

शिवकन्याला दिवस भरायच्या सहा आठवडे आधी ऑफिसनं घरी बसवलं होतं, पगार चालू ठेवून. मी ऐकून म्हणालो, “आगं, येवढ्या लवकर? मागनं कमी पडली असती की सुट्टी.” ती म्हणाली, “अप्पा, ही येगळीच असती. बाळाच्या सुट्टीतनं कापत न्हाईत.” मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. बाहेर बर्फ पडत होता. अव्वा शाल घेऊन आली.

तू तुझी सुट्टी राखून ठेवली होतीस. पायाला सूज, डोकं ठणकायचं, तरी म्हणायचीस, आत्ता घेतली तर बाळाजवळ राहायला दिवस उरणार नाहीत. सगळी तिच्यासाठी राखलीस आणि तीच राहिली नाही. आणि तू दुसऱ्याच आठवड्यात कामावर गेलीस. घरी बसून काय करू, म्हणालीस. डॉक्टर म्हणतात, विश्रांतीनं फरक पडला असता असं सांगता येत नाही. नसेल सांगता येत. पण चार दिवस बसली तरी असतीस, पोरी. ज्या देशाचं मी एवढं कौतुक केलं, त्याचा मला आता राग येतो, आणि या रागाचं काय करावं ते कळत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आठव्या महिन्यात स्वामींनी पोटातल्या लेकरासाठी इष्टलिंग दिलं, आम्ही ते पाठवलं, तू तिच्या वतीनं गळ्यात बांधलंस. आपल्यात माणूस मातीत जातं ते आपलं लिंग हातात घेऊन. आमचा जुना व्हिसा संपलेला, नवा वेळेत मिळाला नाही, तिथं हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि ती रिकाम्या हातानं गेली. त्या दिवशी व्हिडिओवर तुझ्या गळ्यात लिंगाचे दोन दोरे दिसले, तुझा आणि तिचा. अव्वानं नेटवर्क गेलं म्हणून फोन ठेवला. नेटवर्क गेलं नव्हतं.

शिवकन्या चैत्रात लेकराला घेऊन येणार आहे, इथंच पाळण्यात घालायचं ठरलंय. तुझी इरम्मा आत्या मला म्हणाली, “अण्णा, थोरलीला पाळण्यापासनं लांबच ठिवा. आन् ते लिंग सोडाय सांगा पाण्यात.” मी म्हणालो, “पाळण्याची दोरी पयली तिच्याच हातात दीन. तुला बगवत नसंल तर तू येऊ नगंस.” रुसून गेली आहे, जाऊ दे.

तू ये. गळ्यात दोन्ही घालून ये, कुणी एक सोड म्हणणार नाही. पाळण्याला हात लावणं जमलं नाही तर लावू नकोस. माझ्याशेजारी बस आणि काय रडायचं ते रड. वर्ष झालं, आम्ही तुला एकदाही रडताना पाहिलं नाही. अव्वाला त्याचीच धास्ती वाटते, मलाही वाटते.

बाजारात जो तो विचारतो, पहिली नात का? मी नुसती मान हलवायचो. काल आपला दिवाणजी पंचाक्षरी पेढा हातात घेऊन तेच म्हणाला, “मालक, पयली नात, व्हय?” मी म्हणालो, “न्हाय, दुसरी.” त्यानं पेढा तसाच खाली ठेवला आणि बराच वेळ माझ्याजवळ बसून राहिला.

तुझा अप्पा,
आणि तिचा अज्जा,
शांतलिंग