ब्लूबेरींचा दोष नाही

ब्रिस्टल, मंगळवार

प्रिय वरदा,

आमच्या घरच्या एकुलत्या एक आहारतज्ज्ञ बाईंना वॉर्डातून नमस्कार. समोरासमोर मी विनोद करून सटकतो आणि तू रडतेस, म्हणून नर्सकडून कागद मागून घेतला. उद्या तू एडिनबराहून परत आलीस की हातात देईन, खाली कँटीनमध्ये बसून वाच. अक्षर डॉक्टरचं आहे, सावकाश घे. परवा माझी बायपास आहे, पण मला धास्ती तिची नाही, तुझी आहे. काल आई म्हणाली, तू सोमवारी राजीनामा देणार आहेस. फळांतल्या, चहा-कोकोतल्या पॉलिफेनॉल्सनी डायबेटिसवाल्यांचं हृदय जपता येतं का, हे मी सहा वर्षं तपासत बसले आणि माझ्याच बापाला हार्ट अटॅक आला, आता कुठल्या तोंडाने लोकांना काही सांगू, असं तिच्यापाशी म्हणालीस म्हणे. ते ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. इथलं अन्न तसंही गोड लागण्यासारखं नाही, ते सोड.

गेलं वर्षभर मी कसा वागलो हे आपल्या अख्ख्या मराठी मंडळाला माहीत आहे. सकाळी बिनसाखरेचा ग्रीन टी, दुपारी ब्लूबेरींची कोशिंबीर, वर दाण्याचं कूट. आईने पहिल्यांदा तिला हिंगाची फोडणी दिली तेव्हा डोळे मिटून गिळली होती, आता मागून खातो. गणपतीत पेढा नाकारून खिशातून पंच्याऐंशी टक्के कोकोवाल्या चॉकलेटचा तुकडा काढला, तर मंडळातल्या सुनेत्राकाकूंची हसून हसून पुरेवाट झाली. रोज बोट टोचून साखर बघायची आणि आकडा उतरला की तुला फोटो पाठवायचा. तू लगेच ‘शाब्बास बाबा’ लिहायचीस. खरं सांगतो, त्या दोन शब्दांसाठी मी ते कडूजहर चॉकलेट जन्मभर खाल्लं असतं.

कारण मी तुला शाब्बास म्हणायला फार उशीर केला, वरदा. मेडिसिनची ऑफर हातात असताना तू न्यूट्रिशन घेतलंस, तेव्हा भरल्या पंगतीत मी म्हणालो होतो, “आमची मुलगी आता लोकांना काकडी खायला सांगणार.” सगळे हसले. तूही हसलीस, ताटं उचलून आत गेलीस आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेर आली नाहीस. मला ते कळलं होतं, तरी मी गप्प बसलो. पुढे कितीदा वाटलं की बोलावं, पण जीभ रेटत नाही गं. आज कागदावर रेटतो. माझं चुकलं, मला माफ कर. मग मला डायबेटिस निघाला, तू मनापासून आहाराचा तक्ता करून पाठवलास, आणि मी ठरवलं, आता तोंडाने काही बोलायचं नाही, करूनच दाखवायचं.

आता जरा माझ्या धंद्याचं सांगतो. मी चौतीस वर्षं पेशंटना भूल दिली. ऑपरेशनच्या आधी प्रत्येकाच्या पलंगाशी जाऊन विचारायचो, गोळ्या कोणत्या घेता आणि खरोखर घेता का? कोण थापा मारतोय ते मला चेहऱ्यावरून कळायचं, आणि मी त्याला चांगला फैलावर घ्यायचो. काल तोच प्रश्न विचारायला इथली भूलतज्ज्ञ आली, देविका नावाची, तुझ्याच वयाची असेल. मी पाढे म्हणावेत तशी घडाघडा यादी सांगितली. तिने विश्वासाने लिहून घेतली, ‘थँक यू, डॉक्टर’ म्हणाली आणि गेली. त्यानंतर मी भिंतीकडे तोंड करून पडलो. आईने दोनदा विचारलं, छातीत दुखतंय का. मी नाही म्हणालो.

वरदा, त्या यादीतली कोलेस्टेरॉलची गोळी, स्टॅटिन, मी अकरा महिन्यांपूर्वीच बंद केली होती. पाय दुखायचे हे निमित्त. जीपीला, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरला, विचारलं नाही, म्हटलं मीच तर डॉक्टर. साखर उतरत होती, त्या गुर्मीत कोलेस्टेरॉल एकदाही तपासलं नाही. मनात असं होतं की वर्ष पुरं झालं की तुझ्या वाढदिवसाला त्याच सगळ्या पाहुण्यांना बोलवायचं, रिपोर्ट दाखवायचे आणि सांगायचं, हे माझ्या मुलीच्या विद्येने झालं, औषधाने नाही. आईला संशय नको म्हणून फार्मसीतून गोळ्या मात्र आणत होतो. लॉफ्टमध्ये मखराच्या खोक्यात सगळी पाकिटं न फोडलेली आहेत, जाऊन बघ. तुझ्या तक्त्यावर तू लाल पेनाने लिहिलं होतंस, हे गोळ्यांच्या जोडीला आहे, गोळ्यांच्या ऐवजी नाही. मी ते वाचलं होतं. रक्तवाहिन्या काही वर्षभरात बुजत नाहीत, ते वीस वर्षांचं काम, पण त्यांना आवर घालणारी गोळी मी माझ्या हाताने काढून टाकली. आज सकाळी देविकाला परत बोलावून खरं सांगितलं. संध्याकाळी आईला सांगणार आहे, ती काय बोलेल ते मुकाट्याने ऐकून घेईन. तुझं काम चुकलेलं नाही, तेव्हा राजीनामा फाडून टाक. उलट सोमवारी ऑफिसात जा आणि तुमच्या अभ्यासाच्या प्रश्नावलीत एक नवा प्रश्न घाल: घरच्या कुणाला खूश करायला तुम्ही औषध सोडलं आहे का? पहिलं उत्तर माझं लिहून घे. नावासकट लिही.

तुझाच, उशिरा खरं बोलणारा,
बाबा