टाकीच्या कोपऱ्यातलं पाणी

माय,

या पाण्याच्या टाकीला खरं किती पडले ते आज तुला सांगतो. चारचौघांत मी म्हणतो, फुकटात झाली. पत्रा कारखान्यातला उरलेला, वेल्डिंग माझ्या हातचं, मग खर्च तो काय. पण तिला जागा करताना तू कधी न पाहिलेल्या तुझ्या सुनेचं कपाट गेलं, आणि त्याची आठवण ती मला दर सणाला करून देते. वरचा पलंग वीतभर आखूड झाला, म्हणून झोपताना माझे पाय बाहेर लोंबतात. टाकी भरली की तीन जाडजूड पाहुणे गाडीत बसवल्यासारखं होतं, चढावर इंजिन कुरकुरतं. आणि फिरून घरी आलो की एक अख्खा रविवार तिचा. लोक गाडी बाहेरून धुतात, मी गाडीचं पोट धुतो. या वयात गुडघे टेकून, डोकं आत घालून. एवढं सगळं धरलं तर सांग, फुकटात कुठे पडली?

गाडी कसली, ते तुला सांगायला हवं. एका शाळेची जुनी मिनीबस भंगारात निघाली होती, ती मी उचलली. बाकडी काढली, आत पलंग बसवला, गॅसची शेगडी, भांडी धुवायचं बेसिन, आंघोळीची एक अरुंद खोली. आमच्या गल्लीत तिला घरगाडी म्हणतात. तू असतीस तर दारातूनच म्हणाली असतीस, "घर सोडून जाता अन् घरातच बसता, मंग जाता कायले?" दारव्ह्याला वेल्डिंगच्या दुकानात मी दुसऱ्याच्या हाताखाली गेलतो तेव्हा तू होतीस. आता यवतमाळच्या रस्त्यावर माझा स्वतःचा कारखाना आहे. ट्रॉल्या बनतात, ट्रकच्या बॉड्या बनतात, पाण्याचे टँकर बनतात. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या रस्त्याला लावल्या, आता आपणही थोडं रस्त्याला लागावं असं वाटलं, बस.

आणि माझे कान. दारव्ह्यापासून नेरपर्यंत गाडीवाले मला ओळखतात ते हातांपेक्षा कानांसाठी. ट्रक फाटकातून आत वळायच्या आधी मी बसल्या जागेवरून सांगतो, मागचं डावं बेअरिंग गेलं. टाकी भरताना पाण्याचा आवाज चढत जातो, त्यावरून किती भरली ते न बघता सांगतो. माणसांचंही तसंच. दहा वर्षं न दिसलेलं गिऱ्हाईक फोनवर नुसतं "हॅलो" म्हणालं की मी त्याचं गाव सांगतो, आणि ते खूश होऊन आणखी एक ट्रॉली सांगतं. एकदा कानावर पडलेला आवाज मी विसरत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो आणि सगळे मान डोलावतात. हे कान घेऊन मी बरीच वर्षं एकाच आवाजाच्या मागे आहे. तुझ्या. तो एकदा, अगदी एकदाच, परत ऐकायचा आहे. बाकी मला आता फारसं काही नको.

टाकीचं दुखणं दुसऱ्याच फेरीत कळलं. दिवाळीनंतर एक चक्कर मारून आलो, मग ऊस-कापसाच्या ट्रॉल्यांची गर्दी सुरू झाली आणि गाडी कारखान्यामागे तशीच उभी राहिली. संक्रांत झाल्यावर निघालो तेव्हा तुझ्या सुनेने चहा ठेवला, एक घोट घेतला आणि कप खिडकीतून बाहेर रिकामा केला. "हे बेडकाच्या घरचं पानी हाय," ती म्हणाली. "तुमी प्या, तुमचं मोठ्ठं नाव हाय." मी म्हटलं, स्टीलची टाकी आहे, उजेड आत जात नाही, शेवाळ धरायचं कारण नाही. ती म्हणाली, "कारन नसंन, वास हाय."

मग सुरू झाले प्रयोग. टाकी काठोकाठ भरून ठेवून पाहिली, पंधरवड्याने पाणी शिळं. अर्धी ठेवली तर आणखी वाईट. हिरवा रबरी पाइप कारखान्यातलाच होता, उन्हात तापून तापून त्याचाच वास पाण्याला लागला, तो बदलला. आता पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा, दोन्ही टोकांना बुचं लावून टांगलेला, त्याला दुसरं कोणी हात लावत नाही. ब्लीचिंग पावडरही वापरली, आधी बादलीत विरघळवून, वरची निवळ तेवढी, अगदी थोडी; सगळ्या तोट्या उघडून त्यांतून वास येईपर्यंत ते पाणी पळवलं, म्हणजे पाइपसुद्धा धुतले जातात. काही तास ठेवलं आणि वास पूर्ण जाईस्तोवर साध्या पाण्याने धूत राहिलो. जास्त वेळ ठेवायची सोय नाही, स्टीलचा जोड खातं ते. इतकं करून तिसऱ्या फेरीत पुन्हा तोच बेडूक.

एका रविवारी पलंगाची फळी उचलून, टाकीचं झाकण काढून मी बॅटरीने आत पाहिलं. खालची तोटी उघडून सगळं पाणी काढलेलं होतं, आणि तरी मागच्या कोपऱ्यात दोन बोटं पाणी निवांत बसलं होतं. तोटी मीच जोडली होती, तळापासून जरा वर. टँकरला तसंच करतात, गाळ आत राहावा म्हणून, आणि माझा हात सवयीने तिथेच गेला. दर वेळी मी ताजं पाणी त्या दोन बोटांवर ओतत होतो. बॅटरी हातात धरून मी तिथे बसलो आणि एकदम हसायला आलं, कारण यासाठी तू मला एकदा भर अंगणात झापलं आहेस.

आपला रांजण आठवतो? पडवीच्या कोपऱ्यात, निम्मा जमिनीत पुरलेला, माझ्या छातीएवढा. त्याला उलटा करायची सोय नाही. बाजाराच्या दिवशी तू तो रिकामा करतेस, लुगड्याचा काचा मारतेस आणि कमरेपर्यंत आत वाकतेस. बाहेर दिसतात ते फक्त तुझे पाय आणि टाचांच्या भेगा. राखेने घासतेस, पाणी उपसतेस, आणि तळाशी वाटीतही न येणारं जे उरतं ते फडक्याने टिपून घेतेस. पिळतेस, पुन्हा टिपतेस. मग दिवसभर रांजण तोंड उघडं टाकून वाळतो, वर पातळ कपडा बांधलेला. त्या दिवशी आम्ही शेजारच्या घरचं पाणी पितो. एकदा तू शेतात होतीस आणि बाजाराच्या दिवशीचं रांजणाचं काम माझ्यावर आलं. मी उपसलंच नाही, वरून पाण्याची दोन पितळी गुंडं ओतली आणि मोकळा झालो. संध्याकाळी तू ओंजळभर पाणी तोंडाजवळ नेलंस, प्यायली नाहीस. "जुन्यावर नवं ओतलं का रे पोट्ट्या?" मी म्हटलं, थोडंसंच होतं खाली. "थोडं?" तू म्हणालीस. "थे थोडंच साऱ्याले बिघडवते. काढ आता. सारं काढ." मग अंधार पडेपर्यंत मी ते पाणी पपईला घालत होतो आणि तू चुलीजवळून बघत होतीस, हसू लपवत.

धुऊन वाळलेला रांजण भरायच्या आधी तू आणखी एक गोष्ट करायचीस. आत तोंड घालून आरोळी द्यायचीस, "कोन हाय वं आत?" चीर गेली असली तर आवाज फाटका परत येतो, धड असला तर घुमतो. लोक बोटाने वाजवून बघतात, तू आवाज देऊन बघायचीस. मी लहान असताना मला खरंच वाटायचं की खाली दुसरी एक माय राहते आणि ती तुला तेच विचारते. दारव्ह्याला मी खोली घेतली तेव्हा तू मला माठ घेऊन दिलास. बाजारात कुंभाराचे सगळे माठ तू उचललेस आणि प्रत्येकात तोंड घालून हाक मारलीस. कुंभार वैतागला. "बाई, माठ घेऊन राह्यली का भजन करून राह्यली?" तू म्हणालीस, "तुह्या माठाले गाता येते का, थेच पाहून राह्यली, बाप्पा." आजूबाजूचे हसले, मी लाजून दुसरीकडे बघत होतो. तो माठ मी बरीच वर्षं वापरला.

तू गेलीस तेव्हा मी दारव्ह्यातच होतो, निरोप यायला संध्याकाळ झाली. तुझा एक फोटो आहे, रेशनकार्डाचा, त्यात तू भांडायच्या तयारीत दिसतेस. आवाज कुठेच नाही. एका लग्नाची कॅसेट होती, त्यात तू गाणं म्हटलंस असं कोणी तरी सांगितलं. नेरपर्यंत जाऊन ती मिळवली, पूर्ण ऐकली. सगळा बँड. राहिली फक्त मावशी. तुझी धाकटी बहीण, तिकडे नेरजवळ लेकाकडे असते. बाबा नेहमी म्हणायचे, या दोघी आत बोलत असल्या की बायको कोणती अन् साळी कोणती ते मला बाहेरून कळत नाही. म्हणून मी मनात धरलं होतं, तिला एकदा घरगाडीत बसवून पैनगंगेपर्यंत न्यायची. दोन दिवस ती बोलेल, मी ऐकेन. आणि टाकीचं झाकण उघडं असताना तिला आपोआप काही आठवलं, तर आठवलं. मी सांगणार नव्हतो. मागून घेतलेला आवाज मला नको होता.

फोन केला तर बाई भलत्याच ठिकाणी अडली.

"चाकाच्या घरात पानी कोनतं पेता?"

"टाकीतलं, मावशी."

"किती दिवसाचं?"

"कालच भरलं."

"अन् त्याच्याखाली परवाचं?"

पलीकडून हसण्याचा आवाज. "तुह्या मायची बहीन हावो मी, लेका. पयले टाकी कोरडी करून दाखव, मंग बसतो तुह्या गाडीत."

तेव्हापासून फेरी संपली की मी गाडीचं पुढचं उजवं चाक लाकडाच्या ठोकळ्यावर चढवतो, म्हणजे पाणी मागच्या डाव्या कोपऱ्यात जमा होतं. तिथे तळालाच नवीन तोटी बसवली आहे. सगळ्या तोट्या उघड्या ठेवतो, पाण्याची मोटार क्षणभर चालवून पाइपातलं पाणी ओकू देतो. तरी चमचाभर उरतंच. ते फडक्याने टिपतो. मग झाकणाच्या जागी मलमलचा तुकडा बांधून दोन दिवस तसंच. आपल्याकडच्या उन्हात काय वाळत नाही. भरायची ती निघायच्या आदल्या संध्याकाळी, त्याआधी थेंब नाही. सून म्हणते, "माह्या चहाले आता दुधाचाच वास येते." तिच्याकडून एवढी कबुली पुष्कळ झाली.

मागच्या महिन्यात मावशी आली. आपल्या लेकाचा हात धरून उतरली, मग हात सोडला आणि काठी टेकत गाडीभोवती फिरली, ठोकळ्यावर चढलेलं चाक बघितलं. "अशी लंगडी काहून उभी केली?" मी सांगितलं. तिने मान हलवली, म्हणजे पटलं. आत आली, पलंगाच्या कडेवर बसली, फळी उचलायला लावली. टाकीत हात घालून कोपरा चाचपला, बोटं नाकाला लावली. सून चहाचं भांडं हातात धरून तशीच उभी. आणि मग, कोणी काही न सांगता, मावशीने दोन्ही हात टाकीच्या काठाला टेकले, डोक्यावरचा पदर मागे सारला, आत वाकली आणि आरोळी दिली, "कोन हाय वं आत?"

स्टील आहे ते, मातीपेक्षा जास्त घुमतं. आवाज टाकीत फिरला आणि सगळ्या गाडीतून वर आला. पायाखालच्या फळीला तो जाणवला. मावशीने डोकं बाहेर काढलं, डोळे ओले होते तिचे, आणि ती हसत होती.

"आमच्या मायनं शिकवलं आमाले हे. तुही माय अश्शीच आरोळी द्याची. मह्या अन् तिच्या आवाजात कायी फरक नोयता, कोनालेबी पूस." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आला ना ओयखू तुले?"

"आला, मावशी."

"मंग रडतं कायले? भर टाकी."

मी भरली. दुसऱ्या दिवशी पैनगंगेच्या काठावर तिने टाकीतलं पाणी दोन पेले मागून घेतलं आणि सुनेला सांगितलं की इतकं गोड पाणी नेरलासुद्धा नाही. तिथून परत येईपर्यंत ती तुझ्या लग्नाच्या, तुमच्या भांडणांच्या गोष्टी सांगत होती, आणि मी गाडी हळू चालवत ऐकत होतो.

हे मावशीला कधी वाचून दाखवता यायचं नाही, आणि ज्याला दाखवावं असं दुसरं कोणी उरलेलं नाही, म्हणून लिहून इथेच ठेवतो. टाकीतून तो आवाज वर आला तेव्हा मी जीव कानात आणून ऐकला, माय. तुझा आवाज मला आठवत नाही.