ताटातली चूळ

बाबा, ताटातच हात धुऊन तुम्ही चूळ टाकता. उल्हासनगरहून आणलेलं, तुमचं नाव कोरलेलं स्टीलचं ताट. पाण्यावर भाताची शितं आणि आमटीचा तवंग तरंगतो, त्यात तुमच्या तोंडातलं पाणी. मग ढेकर देऊन तुम्ही मला म्हणता, "चल, इंग्लिश." ताट आई उचलते.

अंबरनाथच्या कंपनी क्वार्टर्समध्ये दर रविवारी दुपारी हे असंच चालायचं. एका रविवारी 'पुट अप विथ' होतं. अर्जात 'टॉलरेट' लिहायचं, बोलताना मात्र 'पुट अप विथ'. तुमचे साहेब तसंच म्हणायचे. उदाहरणं तुमच्याकडे तयार होती: नाल्यावरून येणारा केमिकलचा वास, शेजाऱ्यांचा रेडिओ, गावाकडून येऊन राहणारे पाहुणे. आईने मोरीतून विचारलं, "म्हणजे काय हो?"

"सोसणे."

"एवढ्याला तीन शब्द लागतात त्यांना?"

तुम्ही हसलात. दातात कोथिंबीर अडकली होती.

पुढच्या रविवारी आई तापाने निजून होती. स्वयंपाक मी केला. तुम्ही जेवलात, हात धुतलेत, चूळ टाकलीत आणि ताट माझ्याकडे सरकवलंत. "उचल." मी म्हणाले, "आय वोंट पुट अप विथ धिस."

तुम्ही मान कलती करून ऐकलंत. "वाक्य बरोबर आहे. आता उचल."

आतून आई म्हणाली, "राहू दे गं, मी उठते." तिला उठून बाहेर येता येऊ नये म्हणून मी तिच्या खोलीच्या दारात जाऊन बसले. तुम्ही पेपर उघडलात. ताटावर माशा आल्या. रात्री तुम्ही दुसरं ताट घेतलंत आणि तेही तसंच ठेवलंत. मी अंथरूण दारातच घातलं.

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली; हे पत्र टाकणार कुठे? बदलापूरला मी मुलांना इंग्रजी शिकवते. तो धडा आला की अजून शिसारी येते, आणि उदाहरणं मात्र तुमचीच देते. पितृपक्षात तुम्हाला केळीच्या पानावर वाढते. त्यात श्रद्धा काही नाही. पान घासावं लागत नाही.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला दारात जाग आली तेव्हा दोन्ही ताटं घासून मोरीपाशी पालथी घातलेली होती. निजलेल्या माणसाला ओलांडू नये, हे मला आईनेच शिकवलं होतं. अंगात ताप असताना ती मला ओलांडून गेली होती.

"मुंग्या लागल्या असत्या," ती म्हणाली.