चौघांत एक काळं

१२ जानेवारी २००९, एव्हरेट

सीडी ऐकली. ऐकायला नको होती!

ग्लेनने पाठवली होती, यकिमाच्या कार्यक्रमाची. सोबत चिठ्ठी – ‘शेवटची दोन गाणी ऐक आणि फोन कर.’ ऐकली. माझा खर्ज उतरतोय. किंचित नाही, चांगलाच. वरचे तिघं एका मजल्यावर आणि मी तळघरात. पन्नास वर्षं ज्या सुरावर बाकीचे उभे राहिले तो सूर हा!

फोन केला नाही.

१४ जानेवारी

आजही नाही. डब्यातलं सूप गरम केलं. अर्धं उरलं.

१७ जानेवारी

ग्लेन स्वतःच आला. आमच्यात बॅंजो वाजवतो, १९७४ पासून. तरी मी त्याला अजून ‘नवा’ म्हणतो. स्वयंपाकघरात कोट न काढताच उभा राहिला. कोट काढला नाही म्हणजे बातमी वाईट.

“लोवेल, मत घ्यावं लागणार.”

“कुणाबद्दल?” उगाच विचारलं.

“आता माझ्याच तोंडून वदवून घेणार का म्हाताऱ्या!”

कॉफी न घेता गेला. मीही आग्रह केला नाही.

१८ जानेवारी

मत घ्यायची ही तऱ्हा नॉर्मनची. १९५८ साल, कॉलेजच्या वसतिगृहातली आमची खोली. मी, नॉर्मन, डेल आणि स्टॅन. न्हाणीघरात आवाज छान घुमतो म्हणून तिथे गायचो आणि त्यातून ‘शिंगल मिल फोर’ जमलं. कुणाला ठेवायचं की काढायचं असा प्रश्न आला, तर चौघांनीही – ज्याच्याबद्दल प्रश्न आहे त्यानेसुद्धा – मूठ झाकून गिटारच्या पोटात एकेक पिक – तारा छेडायची चपटी पट्टी – टाकायचं. पांढरं म्हणजे राहा, काळं म्हणजे जा. मग गिटार उलटी करून हलवायची. एक काळं पडलं तरी संपलं. नॉर्मन म्हणायचा, “चौघांत एकाचंही मन नसेल तर गाणं फाटतं.”

पन्नास वर्षांत ही तऱ्हा एकदाच वापरली. नॉर्मनवरच!

१९६९, स्पोकेन. त्याला युद्धाविरुद्ध गायचं होतं. डेलला नको होतं – “लोक आपल्याकडे दोन घटका विसरायला येतात रे, भांडायला नाही.” रोज वाद. शेवटी मोटेलच्या पलंगावर गिटार उलटी केली. तीन पांढरी, एक काळं. नॉर्मनने आपली बॅग उचलली आणि गेला.

माझं पांढरं होतं. स्टॅनचंही असणार, तो ढसाढसा रडला. उरला डेल. “देवाशपथ सांगतो लोवेल, मी नाही!” म्हणाला. मी त्याच्याकडे पाठ केली.

त्यानंतर तीस वर्षं त्याच्याशेजारी, एकाच माइकवर गायलो. पण एका टेबलावर जेवलो नाही. पाच वर्षांपूर्वी तो गेला. अंत्यसंस्काराला गेलो नाही. फ्लू झालाय असं कळवलं. फ्लू-बिलू काही नव्हता.

२ फेब्रुवारी

स्कॅजिटच्या बाजूला, वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये कार्यक्रम. जपानात अजून तिकिटं मिळत नाहीत आमची आणि इथे पुढच्या रांगेत दोघं घोरत होते.

कर्टिसने नेहमीचा किस्सा सांगितला – “अठ्ठावन्न साली आम्ही न्हाणीघरात गात होतो, तेवढ्यात वॉर्डन टॉवेल गुंडाळून आला...” कर्टिस एकोणचाळीस वर्षांचा! पण तो नॉर्मनच्या जागी आहे आणि जागा मिळाली की त्या जागेचे किस्सेही मिळतात, अशी आमच्यात पद्धत. लोक हसतात. मीही हसतो, ठरल्या जागी.

नंतर एक आजी काठी टेकत आल्या. “तुमच्यात मूळचा कोण?”

“मी एकटाच.”

“अरेरे!” म्हणाल्या आणि माझा हात थोपटला.

९ फेब्रुवारी

शनिवारी वेसच्या घरी मत घ्यायचं. वेस आमचा दुसरा गिटारवाला. घर त्याचं मोठं, म्हणून तिथे.

तिघांची तीन काळी ठरलेलीच आहेत. मला फक्त एवढंच वाटतं की ती पडताना मी मान खाली घालून बसलेला नसावा. बायको, इंगा, सोडून गेली तेव्हा म्हणाली होती, “तुझं लग्न त्या तिघांशी झालंय.” खोटं नव्हतं. आता तिघंही घटस्फोट देणार. मग या घरात मी कुणाशी बोलू? कोपऱ्यातल्या बास गिटारशी?

भीती वाटते. खरंच वाटते.

१४ फेब्रुवारी

झालं.

वेसच्या बायकोने सामन मासा भाजला होता. चव कळली नाही. मग चौघं खोलीत. गिटार फिरली. माझी पाळी शेवटची. हातात दोन्ही पिकं होती आणि मी काळं टाकलं. त्यांनी ढकलण्याआधी आपणच उडी मारलेली बरी, असं वाटलं.

वेसने गिटार हलवली. गालिच्यावर पडली – पांढरं. पांढरं. पांढरं. काळं.

तिघांची तीन पांढरी!

“कुणी टाकलं रे हे?” वेस ओरडला.

“विचारायचं नसतं,” ग्लेन म्हणाला, पण बघत होता कर्टिसकडे.

“माझ्याकडे काय बघतोस? लोवेल, आईशपथ मी नाही!” कर्टिसचे डोळे भरले होते.

तेव्हाच सांगायला हवं होतं. “असू दे, असू दे,” एवढंच म्हणालो. पक्का भित्रा!

ग्लेन गाडीपर्यंत आला. “एजंट मागे लागला होता, म्हातारा बदला म्हणून. त्याच्या तोंडावर चार पांढरी आपटायची होती मला. सीडी पाठवली ती पट्टी किती उतरवायची हे विचारायला. तू खाली गेलास तर आम्ही येऊ की खाली, त्यात काय! पण नियम तो नियम, लोवेल. एक काळं पडलंय.”

रस्ताभर गाडी हळू चालवली.

१६ फेब्रुवारी

सकाळी वेसचा फोन – “ग्लेनचंच काम ते. वरून गोड बोलतो.” दुपारी ग्लेनचा – “कर्टिसला त्याचा कुणी मित्र घुसवायचाय.” कर्टिसने फोन केला नाही. तो तालमीलाही गेला नाही म्हणे.

दोघांनाही ‘हं’ म्हणालो. फोडला मी आमचा गट! पन्नास वर्षं टिकला आणि मी एका पिकाने फोडला.

१७ फेब्रुवारी

ग्लेनचा नंबर तीनदा फिरवायला घेतला. तीनदा ठेवला.

१८ फेब्रुवारी

दिवसभर एकच विचार. स्वतःवर काळं टाकणारा मी पहिलाच कशावरून?

१९ फेब्रुवारी

सकाळी नॉर्मनला फोन केला. चाळीस वर्षांनी. नाव सांगितलं आणि सरळ विचारलं, “स्पोकेनचं ते काळं तुझंच ना?”

“हो,” म्हणाला. “मला निघायचंच होतं. पण सोडून गेला असं म्हणवून घ्यायचं नव्हतं.” मग – “डेलला मी सत्तर सालीच लिहून कळवलं होतं. कुणाला सांगू नकोस म्हटलं होतं, पण तुला तरी बोलला असेल ना?”

नाही बोलला. तीस वर्षं एका माइकवर, एकदाही नाही.

ग्लेनला फोन लावतोय.